उकिडवा बसणारा लोखंडी माणूस

मागच्या दिवाळीत सुनेने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "आई, हे बघा." पडद्यावर माणसाच्या आकाराचं एक यंत्र उभं होतं. दोन हात, दोन पाय, तोंडाच्या जागी काळी काच. ते टोपलीतले कपडे काढून घड्या घालत होतं. मग त्याने कपबश्या विसळल्या, मग कुणा पाहुण्याला चहा नेऊन दिला. सुनेचं म्हणणं असं की हे आता घरोघरी येणार आणि कामवालीच्या दांड्या संपणार. मुलगा म्हणाला, कपड्यांना मशीन आहे, भांड्यांना मशीन आहे, त्यांना हातपाय कशाला हवेत? दोघांची चांगलीच जुंपली. मी चष्मा पुसला, पुन्हा एकदा नीट पाहिलं आणि विचारलं, "याला उकिडवं बसता येतं का?"

दोघंही भांडण विसरून हसले. म्हातारीचं काहीतरीच, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. पण तो प्रश्न माझा नव्हताच. तो आमच्या गिऱ्हेपुंजेभाऊंचा. भिलाईत पोलादाचा प्लांट उभा राहत होता तेव्हा त्यांनी तो एका रशियन साहेबाला विचारला होता.

मी लग्न होऊन भिलाईला आले तेव्हा सगळीकडे लाल धूळ, अर्धवट रस्ते आणि एका छापाची क्वार्टरं होती. इतकी एका छापाची, की आमचे हे प्लांटमधली पाळी संपवून एका दुपारी थेट शेजारच्या घरात शिरले आणि खाटेवर बसून बूट काढायला लागले. समोर एक हाडकुळा मनुष्य उकिडवा बसलेला. त्याने तुम्ही कोण म्हणून विचारलं नाही. यांच्या पायांकडे रोखून पाहत तो म्हणाला, "बूट सोडतानी डावा पाय वर घेता. उजवा खालीच ठेवता. कावून?" यांना घर चुकल्याचं तेव्हा कळलं. अर्ध्या सुटलेल्या लेसने ते घरी आले, आणि तीच आमची गिऱ्हेपुंजे कुटुंबाशी झालेली पहिली ओळख.

भाऊ भंडाऱ्याजवळच्या लाखनीकडचे. घरची शेती मोठ्या भावाकडे सोपवून प्लांटमध्ये खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, म्हणून लागले आणि मशीन शॉपमध्ये फिटर झाले. रशियन लोकांना त्यांचं आडनाव काही केल्या उच्चारता येईना, म्हणून तिकडे ते 'गिरी' झाले होते. स्वभावाने नम्र वगैरे अजिबात नव्हते. प्लांटची चिमणी चुकीच्या जागी आहे, आमच्या वसाहतीचे, म्हणजे सेक्टरचे, रस्ते उलट्या दिशेने काढले आहेत, माझा स्वयंपाकघरातला माठ डाव्या कोपऱ्यात हवा होता, अशी मतं ते कुणी न विचारता देत. त्यातली निम्मी तरी साफ चुकीची असत. माठ मी डावीकडे हलवला आणि पहिल्याच आठवड्यात धक्का लागून फुटला. भाऊंनी फुटका माठ पाहिला आणि म्हणाले, "माठ बराबर होता. तुमचा कोपर चुकला."

ते खुर्चीवरसुद्धा उकिडवे बसत. चपला खाली काढायच्या, दोन्ही पाय वर घ्यायचे, आणि गुडघ्यांवर कोपरं टेकून बोलायला लागायचं. कँटीनच्या बाकावर तसंच, रेल्वेच्या डब्यात तसंच. आणि नजर कायम दुसऱ्याच्या सांध्यांवर. मनगट, कोपर, गुडघा, घोटा. "काम नोका पाहू, सांधा पाहा," हे त्यांचं पालुपद. मी मागच्या अंगणात विळीवर भेंडी चिरत बसले की कुंपणापलीकडून आवाज येई, "वहिनी, थांबा जरा. टाच उचलली तुमची. पुन्हा करा." परक्या बाईशी असं बोलणं म्हणजे काय! सेक्टरमधल्या दोघीतिघींनी तर भाऊंची तक्रार करायची असं ठरवलं होतं. तेव्हा त्यांच्या बायकोने, सुभद्राबाईने, दारात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "त्यायले बाई दिसतच नाही. नुसता गुडघा दिसते. माह्यंबी तसंच आहे, मी कोनाले सांगू?" तक्रार तिथेच बारगळली.

सुभद्राबाई दणकट अंगाची, मोठ्या आवाजाची बाई. मूल नव्हतं. त्याचं दुःख तिने कामात बुडवून टाकलं होतं असं मला तेव्हा वाटे, पण असंही असेल की तिला काम मनापासून आवडायचं. क्वार्टरचं मागचं अंगण चक्क सिमेंटचं होतं आणि ती ते शेणाने सारवायची. सिमेंटवर शेण धरत नाही. दोन दिवसांत वाळून खपल्या निघतात आणि वाऱ्याबरोबर आमच्या घरात येतात. मी हे तिला समजावून सांगितलं. मॅट्रिक झाल्याचा मला तेव्हा फार अभिमान होता. ती म्हणाली, "सिमिट सरकारचं आहे. सारवलं का मंग माह्यं होते." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सारवलं.

हीच सुभद्राबाई एका श्रावणात नळाच्या ओट्यावर शेवाळावरून घसरली आणि गुडघ्यावर पडली. दवाखान्यात प्लास्टर झालं, ते निघालं, मालिश झाली, पण गुडघा काही वाकेना. काठी न घेता ती चालू शकत होती, तासन्‌तास उभी राहू शकत होती. फक्त खाली बसता येत नव्हतं.

आजच्या मुलींना यात काय एवढं असं वाटेल. पण आमच्या घरांतलं सगळं आयुष्य तेव्हा जमिनीवर होतं. शेगडी जमिनीवर, विळी जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर. भांडी खाली बसून घासायची, तांदूळ खाली बसून निवडायचे, जेवायचं खाली, सारवायचं खाली. बाकीचं तर बोलायलाच नको. सुभद्राबाई आपल्याच घरात उंटासारखी उभी राहायची आणि खालच्या वस्तूंकडे पाहायची. मी सुचवलं म्हणून भाऊंनी शेगडी टेबलावर ठेवली. तिने त्यावर वरण शिजवलं, वाढलं आणि म्हणाली, "स्टेशनावर चहा करून राहिल्यावानी वाटते." भांडी आणि अंगण तर तसंच राहिलं.

मग गावाहून भाऊंची आई आली. येताना नात्यातली एक तरुण विधवा मुलगी घेऊन आली. कौसल्या तिचं नाव. मुलगी गुणी होती, मान खाली घालून भराभरा कामं करायची. म्हातारी काहीच स्पष्ट बोलत नव्हती. पण संध्याकाळी दाराशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना सांगायची, "घराले हातपाय पाह्यजे ना, माय. पोरगं माह्यं उपाशी मरन." सगळ्यांना अर्थ कळत होता. कायद्याने दुसरी बायको करता येत नव्हती, पण गावाकडे कायद्याला कोण विचारत होतं. आज कौसल्या भांडी घासते आहे, उद्या ती या घरात कोण म्हणून राहील, एवढाच प्रश्न होता. सुभद्राबाईचं घर तिच्या डोळ्यांदेखत तिच्या हातून चाललं होतं. आणि भाऊ आईपुढे तोंड उघडत नव्हते. एवढा मतं देणारा माणूस, पण इथे त्यांना मत नव्हतं. मला त्यांचा फार राग आला होता.

याच सुमारास रशियन लोकांच्या क्लबबाहेर पडदा लावून एक सिनेमा दाखवला. आम्ही सगळे सतरंज्या घेऊन गेलो होतो. मुख्य सिनेमाच्या आधी कुठल्यातरी प्रदर्शनाची चित्रं दाखवली, त्यात एक लोखंडी माणूस होता. छातीवर दिवे, पाय खांबांसारखे. तो ट्रेमध्ये पेले घेऊन चालत आला आणि एका बाईपुढे थांबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी सुभद्राबाई पाय लांब करून बाकावर बसली होती, तिच्या पलीकडे भाऊ उकिडवे. ते टाळी न वाजवता पुढे झुकून पाहत होते. परतताना वाटेत एकदम म्हणाले, "हा उभाच राहते. उभं राहून आपल्या घरी कोनतं काम होते?" थोडं पुढे गेल्यावर ते पुन्हा म्हणाले, "बसवा लागन त्याले."

दुसऱ्या रविवारी भाऊ खुर्सीपारच्या भंगारवाल्याकडून सायकलच्या चेनी, पाइपाचे तुकडे आणि जीपच्या स्प्रिंगचे पाटे घेऊन आले. मागच्या अंगणात पत्र्याची पडवी घातली. आणि पाळीवरून आलं की तिथेच. पुढचे कितीतरी महिने हातोडीच्या आवाजाने माझ्या डोक्याला ताप झाला. आधी दोन पाय झाले, घोट्यात आणि गुडघ्यात वळणारे. मग कंबर. मग एक हात, त्याच्या टोकाला रबराचा पंजा आणि वर गोणपाट गुंडाळलेलं. पाठीमागे एक मोठं हँडल. ते फिरवलं की चेनी ओढल्या जायच्या आणि ते धूड हळूहळू खाली बसायचं. आपल्या मनात काय आहे ते भाऊंनी कुणालाच सांगितलं नाही. मला मात्र कळलं होतं. परकी बाई घरात ठेवायची नव्हती आणि आईला नाही म्हणायची हिंमत नव्हती. हा मधला रस्ता त्यांनी लोखंडाचा काढला होता. माझा राग तेव्हा गेला.

ही बातमी मशीन शॉपमध्ये पोचली आणि एक दिवस तिथला रशियन साहेब दुभाष्याला घेऊन पाहायला आला. गोरा, थुलथुलीत, हसऱ्या तोंडाचा माणूस. मी चहा घेऊन गेले होते म्हणून सगळं माझ्यासमोर झालं. साहेबाने यंत्राभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि काहीतरी म्हणाला. दुभाषी हिंदीत म्हणाला, "साहब पूछते हैं, आदमी क्यों बनाया? लंबे डंडे का ब्रश बनाओ, नीचे पहिया लगा दो. काम खतम."

भाऊ म्हणाले, "साहब को बोलो, ब्रश एक काम करता. बर्तन को दूसरा मशीन, मसाले को तीसरा. घर में सौ काम. सौ मशीन रखूं तो मैं कहां रहूं?"

साहेबाला हे आवडलं. तो म्हणाला, मग सगळं उंच करा. चूल उंच, टेबलं उंच. बाईला बसावंच लागणार नाही.

"वो करके देखा," भाऊ म्हणाले. "घर बदल दिया तो फिर वो बाई का घर नहीं रहता. घर वैसा ही रहने का. मशीन को आना है तो घर के जैसा बनके आए."

दुभाष्याने हे कसं सांगितलं देव जाणे. साहेबाने वाकून गोणपाट गुंडाळलेल्या पंजाला हात लावला. मग हळू आवाजात एक वाक्य बोलला. दुभाषी म्हणाला, "साहब कहते हैं, उनकी मां भी घुटनों पर बैठके फर्श धोती थी."

"मतलब?" भाऊंनी विचारलं.

"मतलब पता नहीं. बस इतना ही बोले."

तेव्हा भाऊंनी तो प्रश्न विचारला. सिनेमातल्या तुमच्या लोखंडी माणसाला उकिडवं बसता येतं का? दुभाष्याला शब्द सापडेना, म्हणून भाऊंनी स्वतः बसून दाखवलं. टाचा जमिनीला, हात मोकळे. साहेब म्हणाला, त्यात काय, आणि तोही बसायला गेला. त्याच्या टाचा काही टेकेनात. तो क्षणभर चवड्यांवर डुलला आणि सगळं वजन घेऊन मागे शेणाच्या खपल्यांवर पडला. स्वतःच मोठ्याने हसला, पण उठताना त्याचा चेहरा विचारात पडल्यासारखा झाला होता. मला साहेबाचं पटत होतं आणि भाऊंचंही पटत होतं. दोघांचं एकाच वेळी पटणं शक्य नाही हेही कळत होतं.

खरा घोळ पुढेच झाला. यंत्राला डोकं नव्हतं. भाऊंना डोक्याची गरज वाटत नव्हती, "डोस्क्यानं कोन सारवते?" असं ते म्हणत. पण मुंडकं नसलेलं ते धूड अंगणात बसलेलं पाहून शेजारपाजारच्या बायका घाबरायला लागल्या. एकीने तर रस्ताच बदलला. म्हणून भाऊंनी खांद्यांच्या मध्ये एक नळकांडं बसवलं आणि त्यावर प्लांटमधलं जुनं हेल्मेट ठेवलं. आता ते माणसासारखं दिसायला लागलं. आणि दुसऱ्या दिवशी मी पाहते तर म्हातारीने त्याच्यासमोरून जाताना डोक्यावर पदर ओढून घेतला. कौसल्या तर भिंतीच्या कडेकडेने, त्याच्याकडे पाठ करून जात होती. हेल्मेट घातलेला तो बाप्या होता ना! परका पुरुष अंगणात बसलेला, त्याच्यासमोर उघड्या डोक्याने कसं जायचं?

मी हसले. पण घरी येऊन खिडकीतून पाहताना माझाही हात पदराकडे गेला, आणि मग मला हसू येईना.

भाऊंना हे कळल्यावर ते वैतागले. त्यांनी हेल्मेट काढलं आणि सुभद्राबाईचं जुनं लुगडं त्या यंत्राला गुंडाळलं. झालं, आता ती बाई झाली. सुभद्राबाई दारात येऊन उभी राहिली. आपलं लुगडं नेसून आपल्या अंगणात कुणीतरी आपल्यासारखं खाली बसलं आहे, असं तिने पाहिलं. मग म्हणाली, "बाप्या असन त परका मानूस, बाई असन त सवत. मी घरात ठेवू कसं?"

"अवं, ते मशीन आहे," भाऊ म्हणाले.

"मंग त्याले मानसाचं रूप कावून देल्लं?"

"तुह्यं काम कराले. तू केलं तसंच करन ते."

"अन् ते सगळं करन त मी कावून आहो?"

"तू आरामानं बस ना."

"बसताच त येत नाही मले," ती म्हणाली आणि आत गेली. भाऊ हातात पाना घेऊन तसेच उभे राहिले. मीही कुंपणाशी उभी होते. मला जे कळलं होतं ते तिला कसं सांगावं, हे मला सुचेना. आणि मला जे कळलं होतं ते तरी खरं होतं का, याची आता खात्री राहिली नव्हती. भाऊंना वाटत होतं आपण तिची जागा राखतो आहोत. तिला वाटत होतं ते तिच्या जागी दुसरं कुणी बसवत आहेत. दोघंही एकाच लोखंडाकडे पाहत होते.

यंत्र चालवून पाहण्याचा दिवस ठरला. आता लुगडंही सोडून भाऊंनी त्याला तसंच बोडकं ठेवलं होतं. अर्धा सेक्टर कुंपणाभोवती जमला. म्हातारी खाटेवर, सुभद्राबाई दारात, कौसल्या शेणाची बादली घेऊन भिंतीशी. भाऊंनी हँडल फिरवायला सुरुवात केली. ते धूड कुरकुरत खाली बसलं, अगदी हुबेहूब उकिडवं, आणि लोकांनी टाळ्या पिटल्या. हात पुढे आला, पंजा समोर टाकलेल्या शेणात बुडाला, जमिनीवर टेकला आणि अर्धगोल फिरला. एकदा. दोनदा. भाऊ घामाने निथळत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी पूर्वी पाहिला नव्हता. मग त्यांनी ते उठवायला हँडल उलटं फिरवलं. चेन ताणली गेली, काहीतरी कटकन वाजलं, आणि ते बसलेलंच राहिलं. चौघांनी मिळून ओढलं तरी हललं नाही.

लोक हसत हसत पांगले. माझंही हसू आवरत नव्हतं, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात कौसल्या पुढे आली. कुणी तिला काही सांगितलं नव्हतं. तिने खाली बसून त्या यंत्राच्या भोवतीचं अंगण भराभरा सारवून काढलं आणि हात धुवून आत गेली. सुभद्राबाई हे दारातून पाहत होती. कौसल्येच्या हातांकडे पाहत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याकडे आली. तिच्याजवळ एक गाठोडं होतं. म्हणाली, "मले भावाकडं जा लागते, बाई."

"अहो, पण भाऊंनी तुमच्यासाठीच..."

"हाव, मालूम आहे. चांगला मानूस आहे तो," ती म्हणाली. "पन माह्या जागेवर कोनीतरी येनारच. हाडाची आली का लोखंडाची. मी असतानी नोको."

मी तिच्याबरोबर रिक्षाने दुर्ग स्टेशनपर्यंत गेले. भाऊ सायकलवर मागून आले आणि फलाटावर आमच्यापासून थोडं दूर उभे राहिले. गोंदियाकडची पॅसेंजर आली. तिला डब्यात चढताना पाय वाकवता येईना, तर भाऊ धावत पुढे झाले आणि तिचा पाय दोन्ही हातांनी उचलून पायरीवर ठेवला. गाडी गेल्यावर ते मला म्हणाले, "वहिनी, चूक कुठं झाली? सांधा त बराबर होता." मला त्या माणसाची दया आली, आणि त्याला धरून गदागदा हलवावं असंही वाटलं.

पुढचे दोनेक महिने शेजारचं घर मुकं होतं. म्हातारी खूश होती. कौसल्या राबत होती. भाऊ मात्र जेवायला घरी येत नव्हते, कँटीनमध्येच खात. मग एका रविवारी त्यांनी आईचं आणि कौसल्येचं सामान स्वतः बांधलं. म्हातारीने आकांत केला. भाऊ एवढंच म्हणाले, "माय, ही पोरगी इथं कोन म्हनून राहीन, ते मले सांग." म्हातारीला ते शब्दांत सांगता येईना. त्यांनी दोघींना गावी पोचवलं, आणि तिकडूनच ते आमगावला बायकोच्या माहेरी गेले. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. विचारायची सोयही नव्हती, कारण त्याच सुमारास यांना नागपूरला नोकरी लागली होती आणि आमची बांधाबांध चालू होती. एवढं दिसलं की एका संध्याकाळी शेजारी रिक्षा थांबली आणि सुभद्राबाई उतरली. तिच्या चेहऱ्यावरून ती खुशीने आली की ओढून आणली, हे काही कळलं नाही.

आम्ही निघालो त्या दिवशी सकाळी मी शेवटचं सामान घेऊन बाहेर आले. पहिल्या पाळीचा भोंगा होऊन गेला होता, रात्रपाळीचे लोक सायकलींवरून परतत होते. आणि आमच्या कुंपणापलीकडे, रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल अशा नळावर, गिऱ्हेपुंजेभाऊ उकिडवे बसून बायकोचं लुगडं धूत होते.

आज कुणाला हे विशेष वाटणार नाही. तेव्हा बाप्याने बायकोचं लुगडं हातात घेणं म्हणजे काय होतं, ते मी कसं सांगू? सायकली थांबत होत्या. कुणीतरी शीळ घातली. भाऊंची मान वर होत नव्हती. साबण लावून ते कापड दगडावर आपटत होते, आणि फार वाईट आपटत होते. मी हातातली ट्रंक खाली ठेवली. इतके महिने आम्ही सगळ्यांनी डोकं लावलं होतं. ब्रश लावा, टेबल उंच करा, कौसल्येला ठेवा, लोखंडाचा माणूस करा. दोन हात, दोन पाय आणि उत्तम उकिडवं बसता येणारा एक मनुष्य त्या घरात पहिल्यापासून होता. हे आमच्यापैकी कुणालाही सुचलं नव्हतं. मलाही नाही, सुभद्राबाईलाही नाही.

ती दारात उभी होती, तोंडावर पदर घेऊन. मला वाटलं तिला बरं वाटत असेल. पण ती रडत होती. "आत तरी चाला," ती दबक्या आवाजात म्हणत होती. "लोक पाहून राहिले. म्हनतीन, नवऱ्याले मोलकरीन केलं हिनं. मले मेल्यावानी होते."

"होऊ दे," भाऊ म्हणाले. मान अजून खालीच होती. त्यांनाही मेल्यासारखं होत असावं.

लुगडं धुऊन झालं. भिजलेलं नऊवारी लुगडं एकट्याने पिळता येत नाही. भाऊ ते हातात घेऊन उभे राहिले, पाणी त्यांच्या पायांवर गळत होतं, आणि पुढे काय करायचं हे त्यांना कळत नव्हतं. सुभद्राबाई थोडा वेळ दारातच थांबली. मग तो ताठ पाय ओढत पायऱ्या उतरून आली आणि तिने दुसरं टोक धरलं. दोघंही पिळायला लागले, पण एकाच दिशेने, त्यामुळे सगळं लुगडंच त्यांच्या मध्ये गोल गोल फिरायला लागलं. थेंबभर पाणी पडेना. इतकी वर्षं एका घरात राहून त्यांनी एकही काम मिळून केलेलं नव्हतं. भाऊ तिच्या मनगटाकडे पाहायला लागले.

"मनगट नोका पाहू," सुभद्राबाई म्हणाली. पदर तोंडावरून सरकला होता, तो तिने तसाच राहू दिला. "तुमी नुसतं धरून राहा. पिळाचं मी पाहीन."

भाऊंनी दोन्ही हातांनी ते टोक पोटाशी घट्ट धरलं आणि हलेनासे झाले. सुभद्राबाईने पीळ घातला, आणखी एक घातला, आणि पाणी पडायला लागलं.